डावा हात मोकळा होता

७ जानेवारी

प्रिय धाकटे,

उत्तर येणार नाही हे धरूनच लिहायला बसले आहे, म्हणजे वाट बघायची भानगड नाही. मागच्या पत्राला भावजींनी उत्तर पाठवलं होतं. ‘सर्व ठीक. हिचे गुडघे दुखतात. काळजी नसावी.’ माझ्या दिराला तारा पाठवायची सवय लागली ती लागलीच.

मी बरी आहे. लॉन्ड्रीच्या ऑफिसात खिडकीजवळची तीच खुर्ची मला आहे, एक पाय आखूड असलेली. खाली तेच दृश्य. हॉस्पिटलच्या आणि हॉटेलांच्या चादरी गाड्या भरभरून एका दाराने मळक्या येतात, दुसऱ्या दाराने पांढऱ्याशुभ्र होऊन जातात. निवृत्तीचं वर्ष उजाडलं तरी मला अजून त्याचं कौतुक वाटतं. तुझे थोरले दीर म्हणतात, तुला कशाचंही कौतुक वाटतं.

एक बातमी द्यावी की नाही, ह्यावर आठवडा घालवला. आमच्याकडे सेफ्टीचं ट्रेनिंग द्यायला नवीन मुलगी आली आहे. हे काम आजवर कसं चालायचं ते तुला सांगायला नको. वर्षातून एकदा कॅन्टीनमध्ये खुर्च्या मांडायच्या, दिवे मालवायचे, पडद्यावर चित्रं लावायची आणि मी माझ्या कॉन्व्हेंटच्या आवाजात वाचत जायचं, ‘यंत्र चालू असताना हात आत घालू नये.’ तू पहिल्या रांगेत बसून जांभया दाबायचीस आणि घरी आल्यावर कणीक मळता मळता माझी नक्कल करायचीस, ‘हात आऽऽत घालू नये!’ शेवटी एक छापील पेपर, सगळ्यांना पैकीच्या पैकी, आणि बिस्किटं.

ह्या मुलीने दिवे मालवूच दिले नाहीत. पेपर आधी वाटला. सगळ्यांना पैकीच्या पैकी. “वा!” ती म्हणाली, “आता डोळे मिटा. मिटले? यंत्र बंद करायचं लाल बटण जिकडे असेल तिकडे बोट दाखवा. बोट हलवायचं नाही हं. आता डोळे उघडा.”

अगं, काय सांगू! कुणाचं बोट छताकडे, कुणाचं मुतारीकडे, दोघांची बोटं थेट साहेबांच्या पोटाकडे. माझं चहाच्या पिंपाकडे होतं. आधी हशा पिकला. मग प्रत्येक जण आपल्या बोटाकडे बघायला लागला आणि हशा आपोआप विरला. मुलीने ना उपदेश केला, ना टोमणा मारला. “चला, बघून येऊ या,” म्हणाली आणि सगळी पलटण तिच्यामागे निघाली. मीसुद्धा. इतकी वर्षं मी तो नियम वाचून दाखवला आणि ते बटण पहिल्यांदा जवळून पाहिलं. लाल म्हणतात, पण धुळीने गुलाबी झालं होतं.

ती कोण, हे तू केव्हाच ओळखलं असशील. ‘मिटले?’ असं मान वाकडी करून विचारणारं तुझ्या मुलीशिवाय दुसरं कोण आहे? भिंगरी माझ्याकडेच राहते आहे. हे लिहायचं नव्हतं, लिहून गेले. राग आला तर निदान तो तरी कळव.

तुझी थोरली


१९ जानेवारी

प्रिय धाकटे,

भावजींचं कार्ड आलं. ‘हिला आवडले नाही.’ मला मात्र बरं वाटलं. आवडलं नाही म्हणजे शेवटपर्यंत वाचलंस.

आवडणार कसं? चादरींना इस्त्री करणाऱ्या ज्या रोलरने तुझा उजवा हात कायमचा शालीत लपवायला लावला, त्याच रोलरसमोर पोटची पोर जाऊन उभी राहिली, तर कुठल्या आईला आवडेल? तू तिला नको म्हणालीस ते मला कळतं. पण पुढचंही मला कळलंय. निघायच्या आदल्या दिवशी तिने तुला विचारलं, “आई, तुझा डावा हात मोकळा होता ना? मग दांडी का नाही दाबलीस?” आणि तू उठून आतल्या खोलीचं दार लावून घेतलंस. ते अजून उघडलेलं नाही.

तिने लहानपणीही हे विचारलं होतं आणि तुझा फटका खाल्ला होता, तेही मला आठवतं, कारण नंतर ती माझ्या मांडीवर येऊन रडली होती. तुला वाटतं ती तुला बोल लावते. ती म्हणते, मी फक्त विचारलं. दोघीही माझ्याच. जावाजावांनी एका स्वयंपाकघरात इतकी वर्षं काढली आणि एक भांडं फुटलं नाही, ह्याचं लोकांना नवल वाटायचं. आपल्याला फुटलेली भांडी लपवता यायची, एवढंच. ह्या वेळचं मात्र मला लपवता येत नाही. म्हणून आता तुला सगळं कळवत राहणार. तुझी मुलगी काय करते ते तू तिच्याकडून ऐकणार नसशील तर माझ्याकडून ऐक.

ती वर्ग घेत नाही. रोलरच्या खोलीत एका स्टुलावर बसून नुसती बघते. परवा जेवताना म्हणाली, “मोठी आई, ते चहाचं काय प्रकरण आहे?”

मी सांगितलं. तुला काय सांगायचं, तू तर त्या खोलीची राणी होतीस. पण तिला सांगताना मला स्वतःलाच नवीन ऐकल्यासारखं झालं. रोलरच्या तोंडाशी आडवी दांडी आहे, ती हाताने नुसती ढकलली की रोलर जागच्या जागी थांबतो. पण थांबला की आत असलेली चादर तापल्या लोखंडावर करपते, तिच्यावर आडवा तपकिरी पट्टा उमटतो. तो काही केल्या निघत नाही. मग चादर धरणाऱ्या ज्या दोघींच्या जोडीमुळे करपली तिने सगळ्या खोलीला चहा पाजायचा, आणि ती चादर तिच्या कपाटाच्या दारावर लटकत राहायची, येणाऱ्याजाणाऱ्याने नावं ठेवेपर्यंत. “चादर जाळली गं बाईने!” कितीदा ऐकलंय ते. तुझी जुनी जोडीदारीण कडकबाई तर अजूनही छाती काढून सांगते, “एवढी वर्षं झाली, माझा हात दांडीला लागलेला नाही.” अगदी पदक मिळाल्यासारखं.

भिंगरीचा घास हातातच राहिला. म्हणाली, “म्हणजे जी दांडी जीव वाचवते ती दाबली की शिक्षा? वा! आणि वर्षातून एकदा तू पडद्यावर वाचून दाखवणार, ‘संकटकाळी दांडीचा वापर करावा.’ त्या बायका तुझं ऐकतील का चहाचं ऐकतील?”

मी म्हटलं, “माझा आवाज चांगला होता गं.”

“आवाज चांगलाच होता, मोठी आई. झोप फार छान लागायची म्हणतात.”

तुझ्यावर गेली आहे.

तुझी थोरली


५ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

आज कौतुकाचं पत्र आहे. तुझ्याकडे दुसरं काही काम असेल तर बाजूला ठेव.

आता रोज सकाळी, रोलर गार असतात तेव्हा, ते मंद चालू करतात आणि एक जुनी फाटकी चादर घेऊन प्रत्येक जोडी उभी राहते. चादर आत सरकायला लागली की जोडीतली एक मनाला येईल तेव्हा ओरडते, “थांब!” की दुसरीने दांडी ढकलायची. बस. पाच मिनिटांचा खेळ. मग कामाला लागा. भाषण नाही, पडदा नाही, पेपर नाही. कोण कधी ओरडेल ह्याचा नेम नाही. कुणाच्या सासूच्या गोष्टी ऐन रंगात आल्या की बरोबर तिथे “थांब!” परवा तर एकीने दुसरीला जांभईच्या मधे पकडलं.

पहिल्या दिवशी काय झालं ते ऐक. तिसऱ्या रोलरची दांडी हललीच नाही! आत कपड्यांचे तंतू साचून साचून त्याचा नमदा झाला होता. फिटरने तो चाकूने खरवडून काढला. उशीच्या अभ्र्यात मावणार नाही एवढा कापूस निघाला. इतकी वर्षं ती दांडी नुसती शोभेला होती आणि कुणाला पत्ता नाही. कारण हात लावतंय कोण? (तुझ्या रोलरची नव्हे हं. तुझी चालत होती. मी फिटरला मुद्दाम विचारलं.)

तरी फिटर कुरकुरला, “रोज रोज दाबून स्प्रिंग झिजेल की मॅडम.”

“झिजू दे, मग बदला,” भिंगरी म्हणाली. “न झिजलेल्या स्प्रिंगचं काय करू, हार घालू?”

साहेबांनी मात्र कपाळाला आठ्या घातल्या. सकाळची पाच मिनिटं म्हणजे किती चादरी होतात, वगैरे. भिंगरीने वाद घातला नाही. तिने त्यांना रोलरपाशी नेलं, त्यांच्या हातात चादरीचं टोक दिलं आणि कडकबाईला खूण केली. कडकबाई अशी किंचाळली “थांबाऽऽ!” की साहेबांनी चादर सोडून दोन्ही हात वर केले. पोलिसांनी पकडल्यासारखे! सगळी खोली गडबडा लोळली. साहेब लाल झाले, पण माणूस वाईट नाही, तेही हसले. म्हणाले, “मार्चअखेरपर्यंत करा. मग बघू.”

कडकबाईचं ऐकायचंय? पहिल्या दिवशी तिने दांडीला हात लावला तो पालीला लावावा तसा, दोन बोटांनी, तोंड फिरवून. “हा काय पोरखेळ,” म्हणाली. भिंगरी म्हणाली, “मावशी, पोरखेळच आहे. पोरं रोज खेळतात म्हणून त्यांना येतं.”

ते ऐकलं आणि मला आमच्या शाळेतली सिस्टर आठवली. आम्ही तिला घंटा सिस्टर म्हणायचो. कधीही, प्रार्थनेत, गणिताच्या तासाला, डबा खाताना, ती घंटा वाजवायची आणि आम्ही जिथे असू तिथून ओळीत, न बोलता, न पळता, मागच्या दाराने बागेत. किती चिडायचो आम्ही! अर्धा डबा तसाच राहायचा. मग एकदा चॅपलच्या पडद्याने खरंच पेट घेतला. घंटा वाजली. बागेत पोचल्यावर, गुलाबाच्या वाफ्याशी उभं राहिल्यावर मला धूर दिसला आणि मग भीती वाटली. पाय आधी निघाले होते, भीती मागून आली. सिस्टर गेली त्याला किती काळ लोटला. परवा रोलरच्या खोलीत मला वाटलं, तिने आपली घंटा कुणाला तरी देऊन ठेवली होती.

तू हे वाचतेस ना?

तुझी थोरली


२६ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

मागच्या पत्रांत मी एक गोष्ट गाळली होती. तुला झोप लागणार नाही म्हणून गाळली. पण ती गाळली तर बाकीच्या सगळ्या पत्रांना काही अर्थ राहत नाही, असं आता वाटतं. आधी सांगते, भिंगरीला काहीही झालेलं नाही. ती आत्ता पलीकडच्या खोलीत माझा रेडिओ दुरुस्त करते आहे, म्हणजे बिघडवते आहे.

ती नुसती स्टुलावर बसत नव्हती. जानेवारीभर ती रोलरवर काम करत होती. कडकबाईच्या समोर, तुझ्या जागेवर. मी हात जोडले तिच्यासमोर. म्हणाली, “मोठी आई, जे काम मी केलं नाही ते करताना काय होतं हे मी लोकांना कसं शिकवू?”

एका दुपारी चादरीला चुणी पडली. तुला माहीत आहे तुम्हा बायकांचं, चुणी दिसली की तळहात पुढे जातोच. तिचाही गेला. बाहीचं टोक चादरीबरोबर आत सरकलं. फार नाही, शिवणीपर्यंत. बाही जुनी होती, फाटली आणि हात सुटला. तिला ओरखडाही नाही, मी स्वतः दिव्याखाली बघितला. पण संध्याकाळी ती घरी आली ती दाराशीच बसली, चपला न काढता.

मला म्हणाली, “मोठी आई, माझा दुसरा हात मोकळा होता.”

मी वाकून तिच्या चपला काढल्या.

“मला ती दांडी पाठ आहे. किती उंचीवर, किती जोर लागतो, किती वेळात रोलर थांबतो, सगळं. दिवसभर मी तेच सांगत असते. आणि माझा मोकळा हात कुठे गेला माहीत आहे? चादर ओढायला. चादर वाचवायला गेला गं तो! दांडीकडे वळलासुद्धा नाही.” मग नखं बघत म्हणाली, “आईचाही तसाच झाला असणार. तिचा हात तिकडे गेला नाही, कारण तो तिकडे कधी गेलाच नव्हता. आणि मी तिला विचारत राहिले, का नाही दाबलीस, का नाही दाबलीस. जसं काही तिने ठरवून दाबली नाही.”

तो सकाळचा खेळ तिथून निघाला, धाकटे. कुठल्या पुस्तकातून नाही. तुझ्या डाव्या हातातून निघाला.

मी म्हटलं, “हे आईला लिही.” तर म्हणाली, “काय लिहू? तिला वाटेल मी पुन्हा तोच विषय काढला. आणि तूही लिहू नकोस.” मी ‘बरं’ म्हटलं. मी बरं म्हणते तेव्हा काय करते ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.

खेळ सध्या जरा फिका पडला आहे. पहिली मजा ओसरली. काही जणी उगाच हात लावल्यासारखं करतात. म्हणून आता तिने आठवड्यातून एकदा तापल्या रोलरवर, रद्दीत निघालेल्या चादरीवर खेळायला लावलंय. चादर करपते, वास सुटतो, पट्टा उमटतो. पहिल्यांदा सगळ्या बायका “आईगं!” म्हणून हळहळल्या, भाकरी करपावी तशा. भिंगरी म्हणाली, “बघून घ्या. नाकात भरून घ्या. हा वास आला म्हणजे कुणाचा तरी हात शाबूत आहे.”

साहेबांना तो वास ऑफिसात येतो. मार्चअखेर जवळ येते आहे. ते खेळ बंद करतील असं मला वाटतं, आणि तसं झालं तर ती इथून जाईल, आणि तुझ्याकडे मात्र येणार नाही. मला त्याचीच भीती वाटते.

तुझी थोरली


१८ मार्च

प्रिय धाकटे,

घाईत लिहिते आहे, अक्षर सांभाळून घे. सगळे सुखरूप आहेत. आधी हे वाच, मग पुढे.

आज सकाळी काम ऐन भरात होतं. हॉटेलचे मोठे टेबलक्लॉथ चालू होते, जाड, चांगल्यातले. कडकबाई एका टोकाला, तिची नवी जोडीदारीण दुसऱ्या टोकाला. नवी मुलगी बोलकी आहे, बोलता बोलता वाकली आणि तिच्या ॲप्रनचा बंद कापडाबरोबर आत गेला. बंद जाड, डबल शिवलेला. तुटणारा नव्हता. ती खेचली जाऊ लागली. ओरडलीसुद्धा नाही, नुसतं ‘अं’ असा आवाज आला म्हणतात.

आणि रोलर थांबला.

मी वर खिडकीत होते. मला आधी शांतता ऐकू आली. तुला ती शांतता आठवत असेल. मी जिना कसा उतरले ते माझे गुडघे जाणोत. खाली आले तर करपल्याचा वास, नवी मुलगी जमिनीवर बसलेली, पोटाशी बंद कापलेला ॲप्रन, आणि कडकबाई दांडीवर हात दाबून उभी. सोडायलाच तयार नाही. फिटर म्हणतो, “बाई, सोडा आता, थांबलंय.” ती म्हणते, “मला माहीत आहे थांबलंय. हात सुटत नाही.” भिंगरीने एकेक बोट सोडवलं.

मग कडकबाई माझ्याकडे बघून म्हणाली, आणि चिडूनच म्हणाली, “मॅडम, मी काही केलं नाही. मला न विचारताच हात गेला.”

टेबलक्लॉथवर असा रुंद पट्टा उमटला होता! हॉटेलचा सर्वांत चांगला. मी मनात म्हटलं, आता साहेब काय म्हणतात. साहेब आले. त्यांनी पट्टा पाहिला, मुलगी पाहिली, तिचा ॲप्रन पाहिला. मग म्हणाले, “चहा कुणी सांगितलाय का?”

सगळ्यांनी कडकबाईकडे पाहिलं. करपली ना चादर! ती मुकाट्याने ॲप्रनला हात पुसून निघाली. तर भिंगरी आडवी आली. “मावशी, तुम्ही बसा. आजपासून थांबवणारीने प्यायचा, बाकीच्यांनी पाजायचा.” साहेबांनी स्वतः पिंपातून कप भरून आणला. निम्मा बशीत सांडला, पण आणला.

कडकबाईने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. मग जे बोलली ते जसंच्या तसं लिहिते, कारण ते माझ्यासाठी नव्हतंच. म्हणाली, “भिंगरी, तुझ्या आईचा एक हात मोकळा होता, सगळे त्याचंच बोलतात. मी समोर उभी होते. माझे दोन्ही मोकळे होते. शेवटी फिटरने मेन स्विच ओढला तोवर मी नुसती तिचं नाव घेत होते. कुणी विचारलं नाही मला कधी.”

भिंगरी तिच्या गळ्यात पडली. दोघी त्या करपलेल्या टेबलक्लॉथवरच बसल्या होत्या.

तो टेबलक्लॉथ आता रोलरच्या खोलीत भिंतीवर लावला आहे. कपाटाच्या दारावर नाही, भिंतीवर, मधोमध. साहेबांनी खेळ कायमचा केला. वाळवायच्या यंत्रांवर, गाड्यांवर, सगळीकडे आपापला खेळ बसवायला सांगितलाय. गाडी ढकलणाऱ्यांनी तर दुपारपासूनच त्यात पैजा लावायला सुरुवात केली, ते भिंगरीला थांबवावं लागणार आहे.

मला तुझ्या मुलीचा अभिमान वाटतो हे लिहायला नको. पण आज मला आणखी एक गोष्ट लिहायची आहे. ती तुला बोलावणार नाही. तिची हिंमत नाही. साहेबांना दटावणारी पोर, तुझ्या बंद दाराला घाबरते. तेव्हा मी बोलावते. एकदा ये. सकाळी ये, रोलर गार असतात तेव्हा.

तुझी थोरली


६ एप्रिल

प्रिय धाकटे,

तुझं पत्र मिळालं. तुझ्या हातचं. डाव्या हाताने इतकं वळणदार अक्षर कधी शिकलीस गं? मी पाकीट उलटसुलट करून भावजींचं नाव शोधत होते. ‘येते. तिला सांगू नकोस.’ नवरा-बायको दोघं तारेतच बोलता वाटतं!

नाही सांगत. ह्या वेळचं ‘नाही’ खरं आहे.

मागच्या नव्हे, पुढच्या फाटकाने ये, पहारेकऱ्याला सांगून ठेवलंय. सपाट चपला घाल, फरशी ओली असते. शाल आणलीस तरी चालेल, पण रोलरपाशी ती मी धरेन. नियम आहे. मीच वाचून दाखवायची, आठवतं ना?

तुझी थोरली


१५ एप्रिल

प्रिय धाकटे,

तू आलीस आणि गेलीस, आणि बोलायचं सगळं राहिलं. पण एक गोष्ट मला लिहायलाच हवी, कारण ती तुझ्या पाठीमागे घडली. तुला दिसली नाही.

तू दारातून आलीस तेव्हा भिंगरी दुसऱ्या रोलरपाशी होती, पाठमोरी. कडकबाईने तुला आधी पाहिलं. तिने आपल्या समोरच्या पोरीला खांद्याला धरून बाजूला केलं आणि फाटक्या चादरीचं टोक तुझ्यापुढे धरलं. काल सुट्टी घेऊन आज कामावर आल्यासारखं. तू शाल माझ्या हातात दिलीस. तुझा उजवा हात मी इतक्या वर्षांनी उजेडात पाहिला. तू त्यानेच चादरीचं टोक दाबून धरलंस, ते मला फार आवडलं.

मग कडकबाईने चादर सरकवली. आणि तिला ओरडता येईना! एरवी साहेबांना हात वर करायला लावणारी ती बाई! चादर आत चालली. तेव्हा मागून आवाज आला, “थांब, आई!”

तो आवाज कुणाचा ते तुला कळलंच असणार. पण तू वळली नाहीस. तुझा डावा हात गेला. सरळ, न शोधता, दांडीवर. रोलर थांबला. तू त्या दांडीकडे बघत राहिलीस आणि म्हणालीस, “एवढंच?” मग पुन्हा, हळू, “एवढंच होतं होय?”

सगळे तुझ्याकडे बघत होते. मी तुझ्या मुलीकडे बघत होते. हेच सांगायला हे पत्र लिहायला घेतलं. तू दांडी दाबलीस तेव्हा तिचाही डावा हात हवेत पुढे गेला होता, तुझ्याबरोबर, तुझ्यासारखाच, समोर काहीच नसताना. तो तसाच वर राहिला. लहानपणी तू रस्ता ओलांडताना मागे हात करायचीस आणि ती तो धरायला पुढे करायची ना, अगदी तसा. मग तू वळलीस, आणि पुढचं तुला माहीत आहे.

बसस्टॉपपर्यंत ती तुझ्याबरोबर आली. तुम्ही काय बोललात ते मी विचारणार नाही. दोनदा विचारलं, सांगत नाही. एवढं खरं की ती परत आली तेव्हा तुझी शाल तिच्या खांद्यावर होती आणि ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “आई म्हणाली, आता शाल लागणार नाही.”

पण बसच्या घाईत एक गडबड झाली. रोलर थांबवलास आणि तशीच निघालीस. कडकबाई कालपासून माझ्यामागे लागली आहे, साहेबांनीही दोनदा विचारलं. नवीन नियम तुझ्या मुलीनेच केलाय, तो तिच्या आईला चुकत नाही.

तुझा चहा राहिलाय. प्यायला ये.

तुझी थोरली